सागरतीरींचा साधु

निसर्गचित्राविषयीं लिहितांना आपल्याकडील टीकाकार एका ठराविक जंत्रीचा आश्रय घेतात. चित्रांत सांज असली कीं तें चित्र उदास, पहाट असली कीं प्रसन्न, ढग असले कीं गंभीर, आणि पाण्याच्या कांठीं कोणी एकटें माणूस उभें असलें कीं तें विरही नाहीं तर विरक्त! रंग आणि भाव यांची सोयरीक कोणी तरी पूर्वींच ठरवून ठेवली आहे, आणि टीकाकारानें येऊन फक्त अक्षता टाकावयाच्या, असा हा प्रकार आहे. काव्यावरील टीकेंतहि ही संवय मुरलेली आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ या अवघ्या आठ ओळींच्या कवितेवर मराठींत विपुल लिहिलें गेलें. पण त्यांतील पुष्कळसें लेखन, तो वृक्ष कोणाचें प्रतीक, योग्याचें कीं उदासीन कवीचें, या एका प्रश्नाभोंवतींच घोटाळत राहिलें. त्या कवितेंत उजेड कोठें पडला आहे आणि काळोख कोठें, हें पाहण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली.

ज्याच्यापुढें ही जंत्री साफ निकामी ठरते असें एक चित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें आपल्या देशांतील नाहीं, आणि आपल्या समुद्राचेंहि नाहीं. कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकारानें १८०८ ते १८१० या काळांत ड्रेस्डेन येथें तें रंगविलें. ‘समुद्रकांठचा साधु’ असें त्याचें नांव मराठींत सांगतां येईल. युरोपांत ज्या संप्रदायाला रोमँटिक म्हणतात त्यांतील निसर्गचित्रांत, इतक्या थोड्या सामग्रींत एवढें साधणारें दुसरें चित्र माझ्या पाहण्यांत नाहीं. प्रस्तुत लेखक नगरशेजारच्या नागापूरचा रहिवासी. येथून समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें सव्वाशें मैल दूर. तेव्हां समुद्राच्या चित्रावर येथून लिहिणें हें कोणास धाडस वाटेल. परंतु हें चित्र समजण्यास समुद्राजवळ राहणें अवश्य आहे असें मला वाटत नाहीं. कां, तें पुढें येईलच.

चित्र मोठें आहे. रुंदी साडेपांच फुटांहून किंचित् अधिक, उंची साडेतीन फुटांच्या वर. एवढ्या पटावर चित्रकारानें काढलें काय? खालीं फिकट, पांढुरकी वाळूची एक पट्टी. तिचा वरचा कांठ एके ठिकाणीं किंचित् उंचावतो व पुन्हां उतरतो; आणि त्या उंचवट्याच्या जवळपास, मध्यापासून बराच डावीकडे, एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. अंगांत काळसर पायघोळ झगा, हात हनुवटीकडे नेलेला. तो इतका लहान आहे कीं, पहिल्या दृष्टिक्षेपांत नजर त्याच्यावरून सरकूनहि जाईल. वाळूच्या पलीकडे समुद्राची एक अरुंद, हिरवट झांक असलेली, जवळजवळ काळी पट्टी. तींत लाटांचे थोडेसे पांढरे फटकारे आणि कांहीं पांखरें. बाकीचें सारें आकाश. पटाचे सहा भाग कल्पिले तर त्यांपैकीं सुमारें पांच भाग आकाशच. आणि तें आकाशहि आपल्या ओळखीच्या चित्रांतल्यासारखें घाटदार ढगांचें नाहीं. क्षितिजालगत तें जड, करड्या-निळ्या धुक्यानें भरलेलें आहे. वर जावें तसतसें तें विरळ होतें, आणि अगदीं वर कोठें तरी निवळून निळसर होतें.

या चित्रानें काय मोडलें हें कळण्यासाठीं तत्पूर्वींची वहिवाट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. सतराव्या शतकांतील क्लोद लोरँ या चित्रकारानें समुद्रकांठच्या देखाव्याचा जो सांचा घालून दिला तो पुढें दीडशें वर्षें युरोपांत चालला. दोन्ही बाजूंस उंच इमारती किंवा झाडें, म्हणजे नाटकाच्या रंगभूमीवरील विंगाच म्हणा ना. मध्यें मोकळें पाणी. क्षितिजाजवळ टेकलेला सूर्य. आणि त्या सूर्यापासून थेट प्रेक्षकाच्या पायापर्यंत पाण्यावर अंथरलेली सोनेरी वाट. प्रेक्षकाची नजर त्या वाटेनें सुखानें चालत जाते आणि सूर्याशीं पोहोंचून विसांवते. उजेड कोठून येतो, कोठें जातो, याचा तेथें हिशेब लागतो. क्लोदचीं बंदरें मला मनापासून आवडतात. परंतु त्यांत जो भाव आहे तो यजमानाच्या आदरातिथ्याचा आहे. पाहुण्यास बसावयास पाट मांडलेला आहे.

फ्रीड्रिखनें पाट मांडला नाहीं. बाजूंच्या विंगा काढून टाकल्या, नजरेला वाट दिली नाहीं, सूर्यहि दाखविला नाहीं. हें करतांना त्याला किती टप्पे ओलांडावे लागले याचा पुरावा चित्राच्या पोटांतच सांपडला आहे. अवरक्त किरणांच्या साहाय्यानें पटाची तपासणी झाली तेव्हां, आरंभीं त्यानें समुद्रावर गलबतें काढलेलीं होतीं असें आढळून आलें. पुढें तीं त्यानें पुसून टाकलीं. चित्र पुरें होण्यापूर्वींच, १८०९ सालीं, तें पाहून हेलेन फोन क्यूगेल्गेन या बाईंनीं, ज्या स्वतः एका चित्रकाराच्या पत्नी, आपल्या पत्रांत तक्रार केली कीं, या अफाट आकाशाखालीं ना वादळ आहे, ना चंद्र, ना सूर्य. समुद्रावर एखादें होडकें किंवा निदान एखादा जलराक्षस तरी असता तर मन रमलें असतें. बाईंची तक्रार हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. चित्रांत काय नाहीं याची याहून नेमकी यादी पुढच्या कोणा पंडितानेंहि केलेली नाहीं!

गलबतें गेल्यानें काय झालें? केवळ करमणूक गेली असें नव्हे. गलबताची डोलकाठी क्षितिजाची रेषा ओलांडून आकाशांत जाते. ती पाणी आणि आकाश यांना टांका घालते. तो टांका उसवल्याबरोबर क्षितिज या टोंकापासून त्या टोंकापर्यंत अखंड झालें. आतां तें ओलांडणारें कांहींच उरलें नाहीं. साधूचें डोकेंदेखील क्षितिजाच्या खालींच, काळ्या पाण्याच्या पट्टींत राहतें. हा लहानसा तपशील मला या चित्राचें मर्म वाटतो. साधु ज्यावर उभा आहे ती वाळू फिकट, उजळ आहे. त्याच्या देहाचा वरचा भाग ज्यावर उमटला आहे तें पाणी काळें आहे. आणि पुन्हां जो उजेड आहे तो त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. पायांखालीं उजेड, डोक्यापाशीं काळोख, आणि दूर वर पुन्हां उजेड, जेथें माणसाचा कसलाहि अवयव पोहोंचत नाहीं. चित्रकारानें साधूच्या चेहऱ्यावर कोणताहि भाव दाखविलेला नाहीं. चेहराच दाखविलेला नाहीं. तरी त्या माणसाच्या ठिकाणीं कांहीं तरी घडत आहे असें आपणांस वाटतें, तें या तीन पट्ट्यांच्या योजनेमुळें.

आणि तो उजेड आहे तरी कसला? कोणी म्हणतात पहाटेचा, कोणी सांजेचा, कोणी तर रात्रीचा. साधूच्या पायांशीं बोट ठेवून दाखवावी अशी सावली नाहीं, कीं जिच्यावरून सूर्याची दिशा काढावी. म्हणजे जंत्रीवाल्या टीकाकारास पहिलें पाऊलहि टाकतां येऊं नये अशी तजवीज आहे. प्रहरच ठाऊक नाहीं तर प्रहराचा भाव सांगणार कोठून? या चित्रांतील प्रकाश कोणत्याहि वस्तूवर पडण्यासाठीं आलेला नाहीं. तो कशाचें दर्शन घडवीत नाहीं. तो नुसता आहे.

जर्मन भाषेंत चित्रांतील किंवा देखाव्यांतील भावाला ‘श्टिमुंग’ असा शब्द आहे. तो ज्या धातूपासून निघाला त्याचा अर्थ वाद्य सुरांत लावणें. मराठी वाचकास हा अर्थ समजावून सांगण्यास प्रयास पडूं नयेत, कारण तंबोरा जुळविणें म्हणजे काय हें आपल्याकडे बैठकींत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. गवई अजून गाऊं लागलेला नसतो. रागाचा एकहि स्वर उमटलेला नसतो. तरी तंबोऱ्याच्या तारा जुळल्या कीं खोलींतील हवा बदलते. तो बदल दुःखाचा कीं सुखाचा, हा प्रश्न त्या क्षणीं गैरलागू असतो. त्या जुळलेल्या सुरावर पुढें उदास राग म्हणतां येईल, किंवा प्रसन्नहि म्हणतां येईल. फ्रीड्रिखचें आकाश हें तंबोऱ्यासारखें आहे, आणि साधु हा त्यावर लागलेला एकच स्वर. स्वर लागला म्हणून तंबोरा उदास होत नाहीं. आपल्या साहित्यशास्त्रांत निसर्ग हा बहुधा उद्दीपन विभाव मानलेला आहे. म्हणजे रति किंवा शोक यांचा आधार असलेलीं माणसें वेगळीं, आणि चंद्रोदय, मेघ, वारा हे त्या भावाला फुंकर घालणारे. या चित्राला ती मांडणी लागू करूं गेलें तर तारांबळ उडते. येथें फुंकर घालावयास माणसाचा भावच आधीं सिद्ध नाहीं. आकाश हेंच आलंबन. माणूस असलाच तर त्याचा एक साक्षी.

१८१० च्या शरदांत हें चित्र बर्लिनच्या कला-अकादमीच्या प्रदर्शनांत, ‘ओकवनांतील मठ’ या तेवढ्याच आकाराच्या जोडचित्रासह मांडलें गेलें. लोक बुचकळ्यांत पडले. प्रशियाच्या राजानें, आपल्या पंधरा वर्षांच्या युवराजाच्या आग्रहावरून, दोन्ही चित्रें विकत घेतलीं. पोरवयांतील एका मुलाची रसिकता दरबारी मंडळींच्या रसिकतेहून सरस ठरली, असें क्वचित् घडतें! त्याच वेळीं ब्रेंटानो व आर्निम या दोघां साहित्यिकांनीं या चित्रावर एक लेख लिहिला. त्यांत प्रेक्षकांचीं बाष्कळ संभाषणें विनोदानें गुंफलेलीं होतीं. तो लेख नाटककार हाइनरिख फोन क्लाइस्ट याच्या वृत्तपत्रासाठीं आला, आणि क्लाइस्टनें त्याची बेधडक काटछाट करून, आपली भर घालून, १३ ऑक्टोबर १८१० च्या अंकांत छापला. मूळ लेखकांना राग आला तो साहजिकच होता. परंतु साहित्याच्या इतिहासांत संपादकाच्या अरेरावीनें एवढें भलें क्वचितच झालें असेल. क्लाइस्टनें घातलेल्या भरींतच तो प्रसिद्ध विचार आहे कीं, पटाच्या चौकटीखेरीज पुढें कांहींच नसल्यामुळें, पाहणाराला आपल्या पापण्याच कोणीं छाटून टाकल्यासारखें होतें.

ही उपमा अंगावर येणारी आहे खरी, परंतु ती नुसती अलंकारिक नव्हे. पापणी ही डोळ्याची चौकट आहे. आपण पाहतों म्हणजे कांहीं टाकून कांहीं निवडतों. नकोसें झालें कीं डोळा मिटतों. ज्या चित्रांत निवडण्यासारखें कांहींच ठेवलेलें नाहीं तेथें पाहणें थांबवितांहि येत नाहीं. क्लाइस्टनें भावाचें नांव सांगितलें नाहीं, डोळ्याची अवस्था सांगितली, आणि म्हणूनच त्याचें लिहिणें दोनशें वर्षें टिकलें. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत त्यानें आत्महत्या केली. तेव्हांपासून त्याच्या त्या लेखाकडे मागें वळून पाहणारांना त्यांतहि मृत्यूच दिसूं लागला; पण हा पुन्हां तोच जंत्रीचा खेळ आहे.

खुद्द चित्रकाराच्या चरित्राचाहि असाच उपयोग केला जातो. फ्रीड्रिख बाल्टिक समुद्रकांठच्या ग्राइफ्सवाल्ड गांवचा, जन्म १७७४. सात वर्षांचा असतांना आई गेली. तेरा वर्षांचा असतांना बर्फावर घडलेल्या अपघातांत भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. त्याला वांचवितांनाच बुडाला असें सांगतात. एवढें कळलें कीं साधूपुढील काळें पाणी म्हणजे तें बर्फाखालचें पाणी, हा सिद्धांत तयारच! शिवाय जोडचित्रांत पडक्या मठाकडे साधू प्रेत नेत आहेत. तेव्हां तें प्रेत याच साधूचें, अशीहि कथा जुळविली जाते. या माहितीला मी तुच्छ लेखीत नाहीं. भाऊ बुडालेला माणूस पाण्याकडे इतरांसारखें पाहत नसेल हें उघड आहे. परंतु तसे भाऊ बुडालेले चित्रकार जगांत आणखीहि असतील. गलबतें पुसण्याचें मात्र याच एकाला सुचलें. जोडचित्राविषयीं तर माझें मत स्पष्ट आहे, कीं तें याच्या पासंगालाहि पुरत नाहीं. भग्न कमान, निष्पर्ण ओक, थडगीं, हिम, प्रेतयात्रा: उदासपणाचें सगळें दुकान तेथें मांडलें आहे. पाहणारानें उदास व्हावें अशी सक्तीच आहे, आणि सक्ति आली कीं मन हळूच पाय मागें घेतें. समुद्रकांठच्या साधूंतहि एक दोष मला खटकतो, तो म्हणजे हनुवटीकडे गेलेला तो हात. साऱ्या चित्रांत तेवढ्याच एका ठिकाणीं चित्रकार आपल्या कानांत कुजबुजतो कीं, हा माणूस चिंतन करीत आहे बरें का! हात नुसता खालीं सोडलेला असता तर चित्राचें कांहींच बिघडलें नसतें.

आतां, आरंभीं राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे वळतों. क्षितिजावरील तो काळसर, भरलेला पट्टा जर्मन टीकाकारांना भयाचा, मरणाचा, निदान अनिश्चिततेचा वाटला. पण नगर जिल्हा हा अवर्षणाचा मुलूख. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस पडून गेल्यावर जें उरतें तें आमच्या वांट्यास येतें. मृगांत आणि आर्द्रांत आभाळाच्या कडेकडे पाहत बसणें हा येथील शेतकऱ्याचा पिढीजात परिपाठ आहे. त्याच्यापुढें हें चित्र ठेवा. क्षितिजावर तसा काळोख भरलेला पाहून त्याच्या मनांत भय येणार नाहीं. ‘आभाळ भरून आलें’ असें तो म्हणेल, आणि त्या शब्दांत सुटकेचा निःश्वास असेल. रिकामें, निरभ्र, चकचकीत आकाश हें आमच्याकडे खरें भयाण. उजेड प्रसन्न आणि काळोख उदास हा नियम उत्तर युरोपांतील थंड देशांचा आहे; तो आपण त्यांच्या पुस्तकांतून, स्वतःच्या उन्हाचा विचार न करतां, उचलला. आणि तरीहि हें चित्र नागापुरांत बसून पाहणाराला हलवितें, तें त्या काळ्या रंगाच्या अर्थामुळें नव्हे. उजेडाच्या दोन पट्ट्यांमध्यें एक माणूस ज्या रीतीनें अडकविला आहे त्या रीतीमुळें. ती रीति कळावयास समुद्रहि लागत नाहीं.

काळेपणाच्या बाबतींत युरोपीय टीकाकारांनाहि अलीकडे एक धक्का बसला. १८१० पासून या पटावर चढलेलें वार्निश काळानुरूप पिवळें, मळकट झालेलें होतें. २०१३ ते २०१६ या काळांत बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय चित्रशाळेनें दोन्ही चित्रांची दुरुस्ती केली, वार्निशाचा थर उतरविला, आणि आकाश पूर्वीं दिसत होतें त्याहून पुष्कळ निळें, पुष्कळ उजळ निघालें. मधल्या पिढ्यांनीं ज्या अंधारावर पानेंच्या पानें लिहिलीं, त्याचा कांहीं अंश चित्रकाराचा नसून वार्निशाचा होता! आपणांपैकीं बहुतेकांना हें चित्र छापील प्रतिकृतींतूनच भेटतें, आणि जुन्या प्रतिकृति त्या पिवळेपणाच्याच आहेत. शिवाय साडेपांच फुटांचें आकाश वीतभर कागदावर आणलें कीं तें आकाश राहत नाहीं, पार्श्वभूमि होतें, आणि इवलासा साधु विनाकारण नायक बनतो.

आपल्या परंपरेंत समुद्राचें दर्शन नाहीं असें नाहीं. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवितो. दूरवरचा किनारा तेथें लोखंडी चाकाच्या कडेला धरलेल्या गंजाच्या बारीक रेषेसारखा दिसतो. ही उपमा कोणत्याहि देशाच्या कवीनें हेवा करावा अशी आहे. पण तो समुद्र वरून पाहिलेला, जोडीनें पाहिलेला, आणि विजयानंतर पाहिलेला आहे. दाखविणारा आहे, पाहणारी आहे. समुद्र मध्यें तबकासारखा धरलेला आहे. पुढें इंग्रजी अमदानींत आपल्या किनाऱ्यावर रोमँटिक वळणाचे चित्रकारहि येऊन गेले. विल्यम वेस्टॉल १८०४ सालीं मुंबईस आला होता, आणि मुंबई बंदरावर चालून येणाऱ्या पावसाळ्याचा त्यानें केलेला देखावा कॅप्टन ग्रिंडले याच्या पश्चिम हिंदुस्थानच्या चित्रसंग्रहांत १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या देखाव्यांतला काळोख हा एका घटनेचा काळोख आहे: पाऊस येत आहे, आतां काय होणार? त्याला पूर्वरंग आहे आणि उत्तररंग आहे. विलायतेंतील वाचकाला हिंदुस्थानचा पावसाळा कसा असतो हें सांगण्याचें काम तें चित्र करतें, आणि चांगलें करतें. त्याच्याकडून अधिकाची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. आमच्या चित्रकारांपैकीं कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनीं कोटितीर्थाच्या पाण्यावरचा उजेड ज्या निष्ठेनें टिपला तिला तोड नाहीं. पण त्यांचें पाणी गांवच्या ओळखीचें आहे, आणि ओळखीच्या पाण्याशीं माणूस सहसा असा थबकून उभा राहत नाहीं.

थबकून उभें राहण्याची ती अवस्था मराठींत शोधावयाची तर चित्रांत नव्हे, कवितेंत शोधावी लागते, आणि तेथें मला ‘औदुंबर’ सांपडतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे खानदेशांतील धरणगांवचे, जन्म १८९०. जळगांवच्या १९०७ च्या कविसंमेलनांत त्यांचें नांव झालें. पुढें ते आमच्या नगरास, आजच्या अहिल्यानगरास, रेव्हरंड टिळकांच्या घरीं राहिले, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून ते आपणांस घरच्या मुलासारखे भेटतात. १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, आगगाडीखालीं त्यांचा अंत झाला. हा अंतहि अर्थातच जंत्रीच्या कामीं आला आहे.

कविता आणि चित्र यांची तुलना जपून करावी हें लेसिंगनें १७६६ मध्येंच बजावून ठेवलें आहे: चित्र सगळें एकदम पुढें येतें, कविता एकामागून एक. तरी ती मर्यादा मान्य करूनहि ‘औदुंबर’मध्यें काय नाहीं याची एकदां यादी करून पाहावी, क्यूगेल्गेन बाईंनीं केली तशी. सूर्य नाहीं. प्रहर नाहीं. ऋतूचें नांव नाहीं. पांखरू नाहीं, वारा नाहीं, गांव आहे पण माणूस नाहीं, झरा आहे पण त्याचा आवाज नाहीं. निसर्गकवि म्हणून ज्यांची ख्याति, आणि इतरत्र जे अरुणोदयावर रंगांची लयलूट करतात, त्यांनीं येथें एवढें सगळें पुसून टाकलें आहे. राहिले ते चार रंग: झऱ्याचा निळसर, कांठांचा व शेतांचा हिरवा, पायवाटेचा पांढरा, डोहाचा काळा. उजळ म्हणावी अशी एकच वस्तु कवितेंत आहे, ती पायवाट. आणि ती वेडीवांकडी होत, शेतें व कुरण ओलांडून, थेट काळ्या पाण्याशीं जाऊन नाहींशी होते. क्लोदच्या चित्रांत नजर उजेडाच्या वाटेनें सूर्याकडे जाते. येथें ती उजेडाच्या वाटेनें काळोखाकडे जाते. फ्रीड्रिखनें वाटच ठेवली नाहीं. साधन निराळें, पण नजरेला काळ्या पाण्याशीं आणून थांबविण्याचा हेतु एक.

मात्र यापुढें दोघांचा मार्ग वेगळा होतो, आणि तेथेंच ‘उदास औदुंबर’ ही समजूत कोसळते. फ्रीड्रिखच्या चित्रांत काळोख बाहेरून येतो; समुद्राचा आहे, आकाशाचा आहे, आणि साधु त्यांत सांपडलेला आहे. बालकवींच्या कवितेंत काळोख झाडापासून निघतो. पाणी झांकून टाकणारी ती सांवळी छाया औदुंबरच पसरवीत आहे. तो तिचा बळी नव्हे, कर्ता आहे. आणि कवीनें त्या काळेपणाला जें विशेषण दिलें तें गोडीचें आहे. खानदेशच्या उन्हांत वाढलेल्या मुलाला झाडाखालचें काळें पाणी भेसूर कां वाटावें? तें थंड आहे, गर्द आहे, पाय सोडून बसावें असें आहे. साधु पाण्यापासून चार पावलें अलीकडे उभा आहे. औदुंबर पाण्यांत पाय सोडून बसला आहे. त्यांतहि एक गंमत आहे. गांवाशेजारच्या डोहावर तरंग उठावयाचे, पण कवीनें त्यांना ‘लाटा’ म्हटलें आहे. यमकासाठीं म्हटलें असें कोणी म्हणेल, म्हणो. त्या एका शब्दानें डोहाला समुद्राची खोली आली हें खरें.

आणि लेसिंगनें सांगितलेला तो एकामागून एक येण्याचा नियम येथें कवीनें आपल्या फायद्याचा करून घेतला आहे. चित्रांत साधु आणि त्याच्या भोंवतालचा काळोख एकाच क्षणीं दिसतात. कवितेंत आधीं छाया पसरते, पाणी झांकळतें, मग त्या पाण्यांत सोडलेले पाय येतात. ‘औदुंबर’ हें नांव येतें तें आठव्या ओळीच्या अगदीं अखेरीस. झाड दिसण्यापूर्वींच आपण त्याच्या सांवलींत येऊन बसलेले असतों.